कंबरलँड रोझमेरी : पुराच्या वाटेवरचं झुडूप (एक प्रकरण अभ्यास)

अमेरिकेतल्या टेनेसी आणि केंटकी या राज्यांत, आणि त्यांच्या शेजारी थोडं, कंबरलँडचं पठार पसरलेलं आहे. पठार वालुकाश्माचं, आणि नद्यांनी त्यात खोल घळी कापलेल्या. या घळींच्या तळाशी, पाण्याला लागून, दगडगोट्यांचे आणि वाळूचे उघडे पट्टे असतात. हिवाळ्यात आणि वसंतात पूर आला की ते पाण्याखाली जातात, उन्हाळ्यात तव्यासारखे तापतात. अशा जागी टिकणारी झाडं थोडी. त्यांतलंच एक म्हणजे गुडघ्याएवढंही न वाढणारं, सुईसारख्या पानांचं, बारा महिने हिरवं राहणारं एक झुडूप. पान चुरडलं की रोझमेरीच्या जवळ जाणारा वास येतो, म्हणून त्याला कंबरलँड रोझमेरी म्हणतात. शास्त्रीय नाव कॉनरॅडिना व्हर्टिसिलाटा. याच पठारावरच्या मोजक्या नद्यांच्या काठी ते निसर्गतः सापडतं, बाकी जगात कुठेही नाही.

२९ नोव्हेंबर १९९१ रोजी अमेरिकेच्या संघराज्य सरकारनं या झुडपाला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली ‘थ्रेटन्ड’ म्हणून नोंदवलं. जी जात आत्ताच नामशेष होण्याच्या बेतात नाही, पण असंच चालू राहिलं तर पुढे त्या बेताला येऊ शकते, तिच्यासाठी ही वर्गवारी असते. पुनरुज्जीवनाचा आराखडा १९९६ साली आला. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की दुर्मीळ झाड म्हटलं की आपल्याला सुचणारे उपाय, म्हणजे कुंपण, पाटी, राखणदार, रोपवाटिकेतली रोपं, यांतला एकही इथे पुरेसा पडत नाही. काही तर नुकसानच करतात. इथे राखायचं आहे ते नदीचं वागणं, आणि ते करायचं तर आधी झुडूप नीट ओळखता आलं पाहिजे.

वासावरून ओळख, आणि वासामुळे होणारी चूक

हे झुडूप तुळशीच्या कुळातलं, म्हणजे लॅमिएसी कुळातलं आहे. तुळस, पुदिना, सब्जा हे सगळे त्याचे भाऊबंद. या कुळातल्या बहुतेक वनस्पतींच्या पानांवर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, चुरडलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. म्हणून ‘वास आला, म्हणजे तेच’ असा निष्कर्ष काढणारे घाईत चुकतात. त्याच नदीकाठी पिकनॅन्थेमम या प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), स्थानिक लोक ‘माउंटन मिंट’ म्हणतात त्या वनस्पतीही असतात. त्यांचाही वास झणझणीत पुदिन्यासारखा. पण त्या बहुवर्षायू असल्या तरी खोड लाकडी नसतं, आणि पानं सुईसारखी नसून सपाट असतात.

फुलं नसताना उलटी फसगत होते. या पट्ट्यांवर हायपेरिकम प्रजातीतली काही झुडपं वाढतात. त्यांचीही पानं अरुंद, आणि पानांच्या बगलेत छोट्या पानांचे झुपके. चार पावलं लांबून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. पण हायपेरिकमचं पान चुरडून पाहा, रोझमेरीचा वास येणार नाही. फुलं आली की शंकाच उरत नाही, कारण हायपेरिकमची फुलं पिवळी आणि सुट्या पाकळ्यांची. काठावर हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची लहान रोपंही असतात, त्यांची पानंही सुईवजा. त्यांच्या पानाच्या खालच्या बाजूला दोन पांढरे पट्टे दिसतात आणि वास वेगळा, राळेकडे झुकणारा असतो.

मग खऱ्या झुडपावर काय पाहायचं? आधी खोड. कोवळी फांदी बोटांत फिरवली की चौकोनी लागते, ही तुळशीच्या कुळाची खूण. मग पानं. ती समोरासमोर येतात, पण प्रत्येक पानाच्या बगलेत आणखी लहान पानांचा झुपका असतो, त्यामुळे पेराभोवती पानांचं कडं असल्यासारखं वाटतं. ‘व्हर्टिसिलाटा’ म्हणजे कड्यानं मांडलेलं, नाव त्यावरून पडलं. पानाच्या कडा खाली वळलेल्या असतात आणि आतल्या बाजूला दाट लव असते. भिंग असेल तर ही वळलेली कड दिसतेच, नसेल तर नखानं हलकेच उलटून बघता येते. झुडपाच्या खालच्या फांद्या जमिनीवर टेकतात आणि टेकलेल्या पेरांतून मुळं फुटतात. हीच गोष्ट पुढे या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची ठरते.

फुलं मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत येतात. फिकट जांभळी, कधी जवळपास पांढरी. दोन ओठांची, खालच्या ओठावर गडद ठिपके. इथे एक निर्णायक खूण आहे. स्वयंपाकातली रोझमेरी, जिला २०१७ पासून अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ साल्व्हिया प्रजातीत धरतात, तिच्या फुलात काम करणारे पुंकेसर दोनच असतात. कंबरलँड रोझमेरीत चार असतात, दोन लांब आणि दोन आखूड. शिवाय तिच्या फुलाची नळी निदलपुंजातून, म्हणजे फुलाच्या तळच्या हिरव्या वाटीतून, बाहेर पडल्यावर कोपरासारखी झटकन वळते. हा बाक कॉनरॅडिना प्रजातीची खास ओळख आहे. वाळलेल्या नमुन्यात रंग उडतो, वास उडतो, पण चार पुंकेसर आणि नळीचा बाक बहुधा राहतात.

हे इतक्या तपशिलानं सांगण्याचं कारण आहे. बागेतली रोझमेरी नदीकाठच्या गोट्यांत आपणहून तग धरून आहे असं समजून पुढे जाणारा माणूस एक नोंद गमावतो. हायपेरिकमलाच दुर्मीळ झुडूप समजणारा माणूस चुकीची नोंद देतो, आणि ती तपासण्यात कुणाचा तरी आठवडा जातो. दोन्ही चुकांचं नुकसान सारखंच होतं असं नाही. माझ्या मते पहिली चूक जास्त महागात पडते, कारण चुकीची नोंद खोडता येते, न झालेली नोंद मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही.

समुद्रकाठची नातलग डोंगरात कशी?

कॉनरॅडिना ही प्रजाती अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८७० साली उभी केली. नाव सॉलोमन व्हाइट कॉनरॅड या फिलाडेल्फियाच्या वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ दिलं. कंबरलँडच्या जातीचं वर्णन १९३३ साली टेनेसी विद्यापीठातले एच. एम. जेनिसन यांनी केलं. त्याच वर्षी जॉन कुंकेल स्मॉल या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानंही तिला कॉनरॅडिना माँटाना असं वेगळं नाव दिलं. जेनिसन यांचं नाव आधीचं ठरलं आणि तेच टिकलं. ‘माँटाना’, म्हणजे डोंगराळ, हे स्मॉल यांना का सुचलं असेल ते कळण्यासारखं आहे, कारण या प्रजातीतल्या बाकीच्या जाती डोंगरात नाहीतच.

त्या आहेत फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनारपट्टीवर, कोरड्या पांढऱ्या वाळूच्या खुरट्या झुडपी रानात. त्यांतल्या तीन जाती, फ्लोरिडातल्या ग्लॅब्रा, ब्रेव्हिफोलिया आणि इटोनिया, १९९३ साली त्याहून वरच्या ‘एन्डेंजर्ड’ वर्गात नोंदल्या गेल्या. एका नदीखोऱ्यातल्या पुरात न्हाणारं झुडूप आणि कोरड्या वाळूतली ही मंडळी एकाच घरातली, हे आधी पटत नाही. पण दोन्ही जागा नीट पाहिल्या की सारखेपणा दिसतो. वाळू, भरपूर ऊन, सत्त्व कमी असलेली जमीन, आणि मोठ्या झाडांची सावली पडू न देणारं काहीतरी. फ्लोरिडाच्या झुडपी रानात हे काम वणवा करतो. कंबरलँडच्या घळीत ते पूर करतो.

पूर नेमकं काय करतो

या पठारावरच्या नद्या फार लवकर फुगतात. वालुकाश्मावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, पाऊस पडला की पाणी थेट घळीत. नदी एका रात्रीत काही पट वाढते, गोटे एकमेकांवर आपटत पुढे सरकतात, काठावरची अल्डर, सिकॅमोर, बर्च यांची कोवळी रोपं उपटली जातात किंवा मोडून पडतात. मग उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की तोच पट्टा कोरडा ठणठणीत होतो, आणि पुरातून वाचलेली कोवळी झाडं तहानेनं मरतात. म्हणजे जंगलाला हा पट्टा गिळण्यापासून दोन गोष्टी रोखतात, पूर आणि पुरानंतरचा दुष्काळ.

कंबरलँड रोझमेरी या दोन्हींना पुरून उरते. तिच्या फांद्या लवचीक आणि जमिनीलगत, पाण्याला अडवायला मोठं काही नाही. पानं अरुंद, कडा वळलेल्या, त्यामुळे उन्हात पाणी कमी उडतं. मुळं गोट्यांच्या फटींत शिरलेली. आणि ती जमिनीला टेकलेली पेरं. पुरात फांदीवर वाळू साचली तर गाडल्या गेलेल्या पेरांतून नवी मुळं आणि नवे कोंब येतात. फांदी तुटून वाहत गेली आणि खाली एखाद्या ओल्या वाळूच्या कडेला अडकली, तर तिथे ती रुजू शकते. वरच्या अंगाची वस्ती खालच्या अंगाला आपली शाखा पाठवते ती अशी, पुराच्या पाण्यावरून.

याची दुसरी बाजू अशी की रानात या झुडपाला बी कमीच धरतं आणि बियांतून उगवलेली रोपं क्वचित दिसतात. म्हणजे जुन्या वस्त्या टिकतात त्या बहुतांशी मुळं धरणाऱ्या फांद्यांवर. इथे ओळखीचा दुसरा, जास्त अवघड प्रश्न उभा राहतो. एखाद्या पट्ट्यावर तीस ठिकाणी हिरवे झुपके दिसत असतील, तर झाडं किती? कदाचित तीस. कदाचित तीन. कदाचित एकच, जे पन्नास वर्षं फांद्या टेकवत पसरलं आणि मधल्या फांद्या वाळूत गाडल्या गेल्यानं आता तुकड्या-तुकड्यांत दिसतं. वरून पाहून कुणालाही हे सांगता येणार नाही. त्यासाठी आनुवंशिक तपासणी लागते. म्हणून या झुडपाच्या बाबतीत ‘इतकी झाडं मोजली’ या वाक्यावर मी विसंबणार नाही. ‘इतके झुपके, इतक्या क्षेत्रात’ असं लिहिलं असेल तर ती नोंद प्रामाणिक आहे. संख्या मोठी दिसली म्हणून जात सुरक्षित मानणं धोक्याचं, कारण एकाच जनुकसंचाचे शंभर झुपके एकाच रोगानं जाऊ शकतात.

धरणांची गोष्ट

आता या प्रकरणातल्या मोठ्या धोक्याकडे येतो. धरण या झुडपाला दोन्ही अंगांनी मारतं. धरणाच्या वरच्या अंगाला गोट्यांचे पट्टे कायमचे बुडतात. थोडे दिवसांच्या पुराची सवय असलेलं झुडूप वर्षभर पाण्याखाली राहू शकत नाही. धरणाच्या खालच्या अंगाला उलट घडतं. पूर कापला जातो, प्रवाह वर्षभर बेताचा राहतो, गोटे हलायचे थांबतात. दोन-चार वर्षांत अल्डर आणि सिकॅमोर पाय रोवतात, सावली पडते, आणि झुडूप कुणीही हात न लावता मरतं. हा दुसरा मृत्यू दिसायला हिरवागार असतो. काठ भरलेला, झाडं वाढलेली, पाहणाऱ्याला वाटतं नदी सुधारली.

बिग साउथ फोर्क ही कंबरलँड नदीची उपनदी. न्यू रिव्हर आणि क्लिअर फोर्क यांच्या संगमातून ती तयार होते आणि उत्तरेकडे केंटकीत जाते. तिचा खालचा भाग १९५०च्या सुमारास वुल्फ क्रीक धरणामुळे तयार झालेल्या लेक कंबरलँडच्या फुगवट्याखाली गेला. वरच्या भागावरही मोठं धरण बांधायचा विचार होता. डेव्हिल्स जंप इथे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनं, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्यानं, ते आखलं होतं आणि अमेरिकन सिनेटनं त्याला एकापेक्षा जास्त वेळा मान्यताही दिली होती. प्रतिनिधिगृहात मात्र ते अडलं. अखेर टेनेसीचे सिनेटर हॉवर्ड बेकर आणि केंटकीचे सिनेटर जॉन शेर्मन कूपर यांच्या पुढाकारानं १९७४ साली धरणाऐवजी बिग साउथ फोर्क राष्ट्रीय नदी व मनोरंजन क्षेत्र मंजूर झालं. सुमारे १,२५,००० एकर. जमीन ताब्यात घेऊन सोयी उभारण्याचं काम आर्मी कोअरकडेच दिलं गेलं, त्यानंतर व्यवस्थापन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे, गेलं. धरण आखणाऱ्या खात्यानंच धरणमुक्त नदीसाठी जमीन गोळा केली, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. खात्यांचं धोरण बदलता येतं, फक्त बुडालेला पट्टा परत आणता येत नाही.

दोन वर्षांनी, १९७६ साली, शेजारच्या खोऱ्यात ओबेड नदी, आणि तिच्याबरोबर क्लिअर क्रीक, डॅडीज क्रीक व एमरीचा काही भाग, अशा सुमारे ४५ मैलांना ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर’, म्हणजे मोकळी वाहती ठेवायची नदी, असा दर्जा मिळाला. आज या झुडपाच्या वस्त्यांचा मोठा भाग या दोन संरक्षित क्षेत्रांत आहे. लक्षात घ्या, हे दोन्ही निर्णय झाले तेव्हा झुडूप कायद्याच्या यादीतही नव्हतं. नावेतून हिंडणारे, मासे धरणारे, नदीवर प्रेम करणारे लोक वाहती नदी मागत होते. झुडूप त्यांच्या आडोशानं वाचलं.

ज्यांनी नदी वाचवली, त्यांचीच पावलं

पण पुढची अडचण त्याच प्रेमातून आली. नदीत राफ्टिंग किंवा कयाकिंग करणाऱ्याला थांबायला, जेवायला, ओले कपडे वाळवायला जागा हवी असते. घळीचे काठ खडे आणि झाडीनं भरलेले. मोकळी, सपाट, उन्हातली जागा एकच, गोट्यांचा पट्टा. झुडपालाही नेमकी तीच जागा हवी. नावा ओढून वर घेतल्या जातात, शेकोट्या पेटतात, तंबू लागतात. काही ठिकाणी घोड्यांच्या वाटा नदी ओलांडतात, काही ठिकाणी चारचाकी एटीव्ही पात्रात उतरतात. सुईच्या पानांचं खुरटं झुडूप पायाखाली आलं तरी कुणाला जाणवत नाही. जाणवतो तो नंतर दरवळलेला वास.

पुरानं मोडलेली फांदी आणि टाचेनं मोडलेली फांदी यांत फरक काय, असं कुणी विचारेल. फरक वेळेचा आणि वारंवारतेचा आहे. पूर येतो, जातो, आणि मध्ये वाढीचे महिने सोडतो. माणसांचे पाय नेमके फुलण्याच्या आणि वाढण्याच्या हंगामात, दर शनिवार-रविवारी, त्याच चार जागांवर पडतात. शिवाय पूर वाळू मोकळी करतो आणि टाच ती दाबून घट्ट करते. घट्ट झालेल्या वाळूत टेकलेलं पेर मुळं धरत नाही.

इथे कुंपण घालावं असं वाटणं साहजिक आहे. पण पहिल्याच पुरात तारा आणि खांब वाहून जातील आणि खालच्या वस्तीवर जाऊन आदळतील. पाटी लावली तर ती चोरांसाठी खूण ठरते. हे झुडूप सुवासिक आहे, दिसायला देखणं आहे, बागेत लागतं, त्यामुळे रानातून उपटून नेण्याचा धोका यादीत नोंदताना गृहीत धरलेला होता. म्हणून चांगला उपाय म्हणजे पट्ट्यांची निवड. नावांना थांबण्यासाठी झुडूप नसलेले पट्टे मोकळे आणि सोयीचे ठेवायचे, पायवाटा तिकडे वळवायच्या, घोडे आणि वाहनं यांचे नदी ओलांडायचे रस्ते हलवायचे. लोकांना ‘इथे येऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘तिकडे थांबा, तिथे सावली आहे’ म्हणणं नदीवर जास्त चालतं. झुडपाचं ठिकाण सांगायची गरजही पडत नाही.

ठिकाण गुप्त ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे. १९९८च्या राष्ट्रीय उद्यान व्यवस्थापन कायद्यानुसार संकटग्रस्त जातींच्या नेमक्या जागांची माहिती उद्यान प्रशासन रोखून ठेवू शकतं. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदींच्या मंचावरही धोक्यातल्या जातींचे अक्षांश-रेखांश आपोआप धूसर होतात, बिंदू एका मोठ्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. पण फोटोच्या मागे ओळखीचा पूल किंवा कडा दिसत असेल तर त्या धूसरपणाचा काही उपयोग नाही. फोटो काढताना कॅमेरा खाली, झुडपाकडे ठेवावा.

कायदा कुठे पोचतो, कुठे थांबतो

संकटग्रस्त जातींचा कायदा १९७३चा. प्राण्यांना तो देतो तेवढं संरक्षण वनस्पतींना देत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. संघराज्याच्या जमिनीवरून नोंदलेली वनस्पती उपटून नेणं गुन्हा आहे. खासगी जमिनीवर मात्र संघराज्याचा कायदा वनस्पतीच्या बाबतीत जवळजवळ गप्प बसतो. राज्याचा एखादा कायदा मोडून किंवा दुसऱ्याच्या जागेत बेकायदा घुसून ती उपटली, तरच तो लागू पडतो. जमिनीच्या मालकानं स्वतःच्या काठावरचं झुडूप उखडलं तर हा कायदा त्याला अडवत नाही. टेनेसीचा १९८५चा दुर्मीळ वनस्पती संरक्षण कायदाही मालकाच्या परवानगीभोवतीच फिरतो.

कायद्याचं खरं बळ सातव्या कलमात आहे. ज्या कामात संघराज्याची परवानगी, पैसा किंवा हात आहे, मग तो पूल असो, नदीतला भराव असो, की धरण, त्या कामामुळे नोंदलेल्या जातीचं अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री त्या खात्याला आधी करावी लागते आणि त्यासाठी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या संघराज्याच्या वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करावी लागते. याच कलमावर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं टेनेसीतलंच, जवळपास पूर्ण झालेलं टेलिको धरण स्नेल डार्टर नावाच्या छोट्या माशासाठी थांबवलं होतं. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकन संसदेनं, सूट देऊन ते धरण पुरं केलं, हेही लक्षात ठेवायला हवं. कायदा भक्कम आहे, पण संसदेहून वर नाही.

आणि हे कलम एकेका मोठ्या कामाला पकडतं. हळूहळू साचणारं त्याच्या हातून निसटू शकतं. ओबेडच्या उगमाकडे क्रॉसव्हिलसारखी वाढणारी गावं आहेत. त्यांना पाणी लागतं. तलाव, बंधारे, शेततळी एकेक करून वाढतात. एकट्या तळ्यानं पूर थांबत नाही. पण सगळ्यांनी मिळून वसंतातल्या पुराचा माथा थोडा कापला तर गोटे पूर्वीइतके हलत नाहीत, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेनं झाडी खाली सरकू लागते. त्यात बाहेरून आलेल्या प्रिव्हेट आणि मिमोसासारख्या झाडांची भर. बिग साउथ फोर्कच्या वरच्या अंगाला, न्यू रिव्हरच्या खोऱ्यात, कोळशाच्या खाणींनी सोडलेला गाळ हा आणखी वेगळा विषय. बारीक गाळ गोट्यांच्या फटी भरतो आणि तिथे गवताला जागा करून देतो.

माझं मत असं, की या झुडपाची खरी तपासणी झुपके मोजून होणार नाही. पट्ट्याचे फोटो दरवर्षी एकाच जागेवरून घ्यावेत, झाडीची कड कुठे आहे ते नोंदवावं, आणि शेजारच्या जलमापन केंद्रावरचे पुराचे आकडे त्याला जोडून पाहावेत. झुपके वाढले पण झाडीही दोन मीटर खाली आली, तर ती वाईट बातमी आहे, जरी तक्त्यात हिरवी दिसली.

रोपवाटिकेतली रोपं

हे झुडूप छाट कलमावर सहज लागतं, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत बागेत वाढतं, आणि रोपवाटिकांतून मिळतंही. यामुळे रानातून उपटण्याची ओढ कमी होते, हे चांगलंच. कायद्यातही सोय आहे, ‘थ्रेटन्ड’ वनस्पतीच्या लागवडीतून मिळालेल्या बियांना, त्या लागवडीतल्या असल्याची चिठ्ठी सोबत असेल तर, बंदी लागू होत नाही. राज्याबाहेर रोपं विकायची तर परवाना लागतो.

पण बागेतली रोपं नेऊन नदीकाठी लावण्याचा मोह टाळायला हवा. बाजारातली बरीच रोपं थोड्याच मातृवृक्षांच्या फांद्यांपासून वाढवलेली असू शकतात. ती ओबेडच्या काठी लावली तर तिथल्या, शेकडो वर्षं त्याच नदीत तावून निघालेल्या जनुकांत परकी सरमिसळ होते, आणि नंतर कुणी आनुवंशिक तपासणी केली तर नदीनं काय केलं आणि माणसानं काय केलं हे वेगळं काढता येत नाही. कुंडीतल्या मातीबरोबर येणारे बुरशीचे रोग हा आणखी एक धोका. आणि मुळात जागा मोकळी राहिली नसेल तर लावलेलं रोप सावलीत मरणारच. मोकळ्या पट्ट्यावर मात्र वरच्या अंगाची वस्ती स्वतःच फांद्या पाठवते.

झुडूप सापडलं तर

या पठारावर हिंडताना कुणाला असं झुडूप दिसलं, तर पान एकच चुरडावं, फांदी तोडू नये. फुलं असतील तर एक फूल झाडावरच ठेवून समोरून आणि बाजूनं फोटो घ्यावा, म्हणजे पुंकेसर आणि नळीचा बाक दिसतील. पेराचा, पानाच्या खालच्या बाजूचा आणि टेकलेल्या फांदीचा असे आणखी तीन फोटो पुरतात. झुपके किती, साधारण किती लांबीच्या पट्ट्यावर, पाण्यापासून किती उंचीवर, झाडीची कड किती जवळ, शेकोटीच्या किंवा टायरच्या खुणा आहेत का, हे लिहून ठेवावं. ‘इतकी झाडं’ असं लिहू नये. मग ही नोंद टेनेसीत राज्याच्या नैसर्गिक क्षेत्र विभागाकडे, केंटकीत ऑफिस ऑफ केंटकी नेचर प्रिझर्व्ह्जकडे, आणि उद्यानाच्या हद्दीत असाल तर तिथल्या रेंजरकडे द्यावी. जागा खासगी असेल तर सर्वांत आधी मालकाशी बोलावं. बहुतेकांना आपल्या काठावर असं काही आहे याची कल्पना नसते, आणि तो पट्टा गुरांपासून आणि गाड्यांपासून मोकळा ठेवणं त्या मालकाच्याच हातात असतं.